शेवटच्या बाकापर्यंत

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सप्रेम सलाम.

आधी तुझे आभार मानते, मग रडते. तू दिलेला जाड कोट काल अंगात होता म्हणून कोपर खरचटलं नाही. दोन बटणं गेली, खिसा उसवला, पण हाड शाबूत आहे. आता काय झालं ते ऐक.

काल मी आपल्या मंडळीत उपदेश केला. आपल्या म्हणजे जिथे माझा बाप्तिस्मा झाला आणि जिथे तू लहानपणी बाकाखाली जाऊन झोपायचीस म्हणे, त्या मंडळीत. पाळकांचा घसा बसला होता. त्यांनी इथे शाळेत निरोप धाडला, की उपदेशकाच्या शिक्षणाचं तुझं शेवटचं वर्ष आहे, तर ये आणि बोल. मी शनिवारी बसने घरी पोचले. आईने माझ्या खाटेवर नवी चादर घातली. बाबांनी बेकरीच्या भट्टीपाशी उभं राहूनच विचारलं, आलीस का. एरवी ते एवढंही विचारत नाहीत, त्यामुळे खूश आहेत हे कळलं.

शास्त्रपाठ मी निवडला नव्हता, त्या रविवारचा ठरलेलाच होता. प्रभू स्वतःच्या गावी, नासरेथला येतात आणि सभास्थानात वाचतात. सगळे खूश, हा तर आपल्या सुताराचा मुलगा. मग ते सांगतात, की दुष्काळ पडला तेव्हा देवाने आपल्या संदेष्ट्याला परक्या देशातल्या विधवेकडे पाठवलं, आणि कुष्ठरोगी बरा झाला तोही परकाच. झालं. आत्तापर्यंत कौतुक करणारेच उठतात आणि त्यांना डोंगराच्या कड्यावरून ढकलून द्यायला नेतात.

माझी सुरुवात छान झाली, आत्या. न्हाव्याची बायको रुमालाने डोळे पुसत होती. चष्मेवाले काका शेजाऱ्याला ढोसून सांगत होते, बेकरीवाल्याची पोर, आपलीच. तिथेच थांबले असते तर चार घरांतून जेवायचं बोलावणं आलं असतं. पण मी पुढे बोलत गेले आणि शेवटच्या बाकावर पोचले.

तू गाव सोडलंस त्यानंतरची गोष्ट आहे. वीटभट्टीवर लांबून कामाला आलेली काही कुटुंबं आता मंडळीत येतात. पाळकांनीच त्यांना बाप्तिस्मा दिला. ती मागे बसतात. मागच्या सुट्टीत माझी बस उशिरा पोचली म्हणून मीही मागेच बसले होते, आणि प्रभुभोजनाचा रविवार होता. बाबा नेहमीसारखे पावाची ताटली घेऊन एकेका बाकाला देत आले, आणि आमच्या बाकाच्या आधीच पाव संपला. बाबांनी मान लववली, मागच्यांनीही लववली, बाबा परत फिरले. पाळकांपुढे ताटली रिकामी गेली, म्हणजे सगळ्यांना मिळालं असं त्यांनी धरलं. मी शेजारच्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली की दर वेळी असंच असतं. प्रभुभोजनाच्या मेजाचा पाव आपल्या भट्टीतून अजून आजोबांनी ठरवलेल्या मापाचाच निघतो, आणि आजोबांच्या वेळी ही माणसं इथे नव्हती.

हेच मी काल व्यासपीठावरून सांगितलं. म्हटलं, पाव त्यांच्यापर्यंत पोचत नाही म्हणून ते हात पुढे करत नाहीत, आणि ते हात पुढे करत नाहीत म्हणून आपण पाव मोठा करत नाही. आपल्याला वाटतं त्यांना नकोच आहे. मला माहीत आहे, कारण ते पीठ मी लहानपणापासून मळलं आहे.

मग कमिटीचे चिटणीस, कोळशाचे वखारवाले, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बेकरीवाल्याची ना तू? तुझ्या नाकाला शेंबूड होता तेव्हापासून आम्ही या मेजाशी बसतोय." मग बाक सरकले. कोणी म्हणे आम्हाला पापी ठरवते, कोणी म्हणे वीटभट्टीवाल्यांनी हिचे कान भरले. कोणीतरी कोपराला धरलं, मागून रेटा आला, आणि मी दारातून पायऱ्यांवर आले. दार लागलं. आत ऑर्गन सुरू झाला.

आणि बाबा, आत्या. प्रभुभोजनाचाच रविवार होता, ते भिंतीशी ताटली हातात धरून उभे होते. एक पाऊल पुढे आले नाहीत. घरी आले ते भट्टीच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी संध्याकाळच्या बसने निघाले तरी बाहेर आले नाहीत. कमिटीपुढे माझ्या बापाची एवढी हिंमत होऊ नये, याचं दुखतंय. कोपराचं काही नाही.

मी शाळा सोडायचं ठरवलंय. ज्या घरात बोलू नये तिथे बोलायला शिकून करायचं काय?

तुझी,
चिमणी


१५ फेब्रुवारी

प्रिय उपदेशकबाई,
सलाम. बटणं कुठली तुटली, वरची की खालची, ते कळव. इथे इस्पितळाच्या धुलाईघरात माझ्याकडे डबाभर पडली आहेत.

तुझं पत्र वाचलं आणि खरं सांगते, गुडघे दुखत असताना गुडघ्यांवर बसून आभार मानले. एक तर तुमच्या गावाला कडा नाही, पायऱ्या आहेत, त्याही तीन. दुसरं म्हणजे ते चिडले. बाहेरचा पाहुणा येऊन हेच बोलला असता तर त्याला 'फार सुंदर' म्हणून चहा पाजला असता, बसमध्ये बसवून दिलं असतं आणि सोमवारी विसरून गेले असते. माणूस आपल्या माणसावरच असा चिडतो. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काय उगाच नाही. आणि चिडले ते वखारवाले मला चांगले ठाऊक आहेत. लहानपणी माझ्या शेजारी बसून प्रार्थनेत चिमटे काढायचे.

पाहा, मी तुझी बाजू घेतली. आता दुसरी बाजू ऐकायची तयारी ठेव, आणि पत्र फाडायचं नाही.

तू हे बारक्याला आधी सांगितलंस का?

तुझ्या बापाला मी अजून बारक्या म्हणते, त्याचं पोट दारातून मावेना तरी. तर बारक्या पोरवयापासून शनिवारी मेजाचा पाव भाजतो. त्या दिवशी तो मेजाच्या पिठाला हात लावण्याआधी ते कोपरापर्यंत धुतो, तुला माहीत आहे. त्याच्या आयुष्यात मान म्हणावा असा एवढाच एक आहे. आणि तू भर मंडळीत, तो ताटली हातात धरून उभा असताना सांगितलंस, की हा पाव कमी पडतो. बेकरीवाल्याला. वर सांगितलंस, की मी मळलाय म्हणून मला माहीत आहे. म्हणजे त्याला माहीत नाही. तुला वाटतं त्याची हिंमत झाली नाही. मला वाटतं, तू ज्यांच्याबद्दल बोलत होतीस त्यांत पहिला तोच होता, आणि हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

नासरेथची गोष्ट मीही जन्मभर ऐकते आहे. एक गोष्ट कोणी पाळक कधी सांगत नाही. ते लोक चिडले, प्रभू त्यांच्यामधून वाट काढून निघून गेले, दुसऱ्या गावी कामाला लागले. ठीक. पण त्यांची आई तर त्याच गावात राहत असणार ना? दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर, त्याच बायकांमध्ये पाण्याला तिलाच जावं लागलं असेल. तू बसने गेलीस. सोमवारी सकाळी दुकानाची फळी तुझ्या आईबापाने उघडली.

शाळा सोडायची असेल तर सोड, पण रुसून सोडू नकोस. बोललीस ते खरं होतं. मी त्या बाकांखाली झोपले, वर बसले, पण मला ते दिसलं नसतं. तुला दिसलं याचा मला अभिमान वाटतो, आणि तुझ्या कानाखाली एक द्यावी असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं.

तुझीच,
आत्या


२३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सलाम.

पत्र फाडलं नाही. गादीखाली घातलं आणि दोन दिवस तुझ्यावर धुमसत होते. खरं बोलायला परवानगी काढायची का, असं मोठं उत्तर मनातल्या मनात लिहिलं. मग तिसऱ्या दिवशी इथल्या बेकरीसमोरून जाताना मालकीण फळी उघडत होती, आणि मला पुढे चालवेना. खरंच, सोमवारचा मी विचारच केला नव्हता. मला रविवारच दिसत होता, आणि त्यातही मी.

तू रागावलीस म्हणून आभार. इथे सगळे माझी पाठ थोपटत होते. मैत्रिणी म्हणतात तू धीराची. मुख्य बाईंनी माझा शाळा सोडायचा अर्ज वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, महिनाभराने पुन्हा लिहावासा वाटला तर लिही. त्यांचेही आभारच मानले, दुसरं काय करणार.

बाबांना मी माफीचं पत्र पाठवलं आहे. उत्तर नाही. आईचं मात्र आलं, आणि ते वाचून जेवण गेलं नाही. कमिटीने ठरवलं आहे, की पुढच्या प्रभुभोजनाला पाव बाजारातल्या मोठ्या बेकरीतून आणायचा आणि ताटलीही दुसऱ्या कोणी फिरवायची. चिटणीस दुकानात येऊन सांगून गेले. म्हणाले, तुमच्याच घरातून तक्रार आली, तेव्हा तुम्हाला त्रास नको. बाबा बरं म्हणाले. त्या आठवड्यात संध्याकाळी पाव उरायला लागला, कधी उरत नसे. आई लिहिते, की ते कोणाला दोष देत नाहीत आणि कोणाशी बोलतही नाहीत.

आत्या, बाबांचा एकच मान होता आणि तो माझ्यामुळे गेला. मला मंडळीने परत घेतलं नाही तरी चालेल. बाबांनी घरात घेतलं नाही, तर मात्र मी काय करू ते कळत नाही. तू त्यांची थोरली बहीण आहेस, तुझ्यापुढे ते गप्प बसत नाहीत. जाशील का?

बटणं वरची तुटली.

तुझी,
चिमणी


३ मार्च

चिमणे,
तुझ्या खाटेवर, तुझ्या त्याच चादरीवर बसून लिहिते आहे. धुलाईघरातून रजा काढली. तिथल्या मुकादमिणीला म्हटलं भाऊ आजारी आहे. खोटं नाही ते.

दुकानाचं काळजीचं कारण नाही. लोकांना राग येतो तशी भूकही लागते. न्हाव्याची बायको पहिल्यांदा मागच्या दाराने आली, डोकं झाकून. मी तिला म्हटलं, बाई गं, पुढून ये, पाव तोच आहे. ती हसली आणि दुसऱ्या दिवशी पुढून आली. तिच्या मागे बाकीच्याही येताहेत. चष्मेवाले मात्र आले की फक्त हवापाण्याचं बोलतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाकोणाला बोल लावायचा.

बारक्याचं सांगते. पहिले दोन दिवस मी भट्टीच्या खोलीत गेले तशी परत आले. मला पाहून 'ताई, तू कशी काय' म्हणाला आणि पोती उचलायला निघून गेला. मग मी बाह्या सरसावल्या आणि पिठाच्या परातीसमोर जाऊन उभी राहिले. आमच्या वडिलांनी आम्हा दोघांनाही मळायला शिकवलं होतं, मी काही विसरले नाही. बराच वेळ दोघं मळत राहिलो. मग तो आपणहून बोलला. म्हणाला, "ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, ताई. पोर चुकली म्हणून चारचौघांत सांगता आलं असतं."

एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही, आणि तुला माहीत आहे मला ते किती जड जातं.

तुझं माफीचं पत्र त्याने वाचलं आहे. त्याचं म्हणणं, माफी नेमकी कशाची मागते ते कळत नाही. बोलल्याची मागते, की न सांगता बोलल्याची? बोलल्याची मागत असेल तर मग पोरीला एवढं शिकवलं कशाला, म्हणतो. चार पानं भरलीस त्यात हे एक वाक्य नाही. बाई, उचलली जीभ लावली टाळ्याला असं व्यासपीठावर चालतं, बापाला लिहिताना चालत नाही. एका ओळीचं पत्र लिही आणि लगेच पाठव.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. बाजारातला पाव येणार. बारक्या जाणार की नाही माहीत नाही, कोट काढून ठेवलाय मात्र. माझी रजा संपली, उद्या मी निघते. तुझ्या आईने मला एवढं जेवू घातलं, की आभार मानायला तोंडात जागा नव्हती.

आत्या


५ मार्च

प्रिय बाबा,
सप्रेम सलाम.

बोलल्याची नाही. तुम्हाला आधी न सांगितल्याची.

तुमची,
चिमणी


१० मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. तुझी आई म्हणाली मी लिहिते, तुम्ही सांगा. पण हे मलाच लिहायला हवं.

रविवारी मी गेलो. मुद्दाम उशिरा गेलो. हातात ताटली नसताना पुढे जाऊन काय करायचं ते सुचेना, आणि लोकांनी बघू नये असं वाटत होतं. जागा मागेच होती. वीटभट्टीवरची ती बाई आणि तिची पोरं सरकून बसली आणि मला जागा दिली. तिने बाक हाताने पुसला, मी बसायच्या आधी. मी नको म्हणालो.

बाजारातला पाव मोठा होता. दिसायलाही बरा होता, मी खोटं बोलणार नाही. पण तुकडे करणाऱ्याला अंदाज नव्हता, त्याने मोठे केले. न्हावी ताटली फिरवत होता. आमच्या आधीच्या बाकाशी आला तेव्हाच पाव संपल्याचं मला दिसलं. तरी तो पुढे आला तेव्हा माझा हात गेलाच. ताटलीत नुसतं फडकं होतं. न्हाव्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्याने मान लववली.

चिमणे, इतकी वर्षं मी त्या बाकापाशी मान लववून परत फिरत होतो. मला वाटायचं ते लोक भिडस्त आहेत, त्यांना घ्यायचं नसतं. तू सांगितलंस तेव्हाही मनात मी हेच म्हणत होतो.

शेजारची बाई माझ्याकडे वळली. मला समजवावं तसं हळूच म्हणाली, "पहिल्यांदा वाईट वाटतं, बाबा. मग वाटत नाही."

मी उभा राहिलो. ते मी ठरवलं नव्हतं. मी म्हणालो, पाळकसाहेब, ताटली रिकामी आली आहे, पण आम्हाला मिळालेलं नाही. वखारवाले म्हणाले बसा, नंतर बोलू. पाळकांनी पुस्तक मिटलं. त्यांचा घसा अजून बसलेलाच आहे, पण म्हणाले, आम्ही थांबतो, घेऊन या.

मी घरी आलो. दुकानाचे पाव होते, रोजचे, मेजासाठी केलेले नव्हते. हात मात्र धुतले. टोपली घेऊन परत गेलो तेव्हा वखारवाले आणि आणखी काही जण निघून गेले होते. ते जाणार हे मला माहीत होतं, तरी वाईट वाटलं. मी त्यांच्याबरोबरच वाढलो आहे. पण बरेच जण बसून होते. चष्मेवाले बसले होते. न्हाव्याच्या बायकोने माझ्या हातातून टोपली घेतली आणि मेजापर्यंत नेली. पाळकांनी आशीर्वाद मागितला आणि ताटली मला दिली.

मी मागून सुरुवात केली. त्या बाईने हात पुढे केला, पण नीट कसा करायचा ते तिला कळेना, दोन्ही हात केले. पाव हातात घेऊन तिने मला विचारलं, आता काय म्हणायचं असतं? मला सांगता येईना. मी इतकी वर्षं देत आलो, पण असं कोणी विचारलं नव्हतं. तू असतीस तर सांगितलं असतंस. मीच तिला म्हणालो, आभारी आहे. ती पण म्हणाली, आभारी आहे. मग तिने खाल्लं.

तुझं एका ओळीचं पत्र सोमवारी पोचलं. मला आधी सांगायला हवं होतंस. मी चिडलो असतो. पण घरात चिडलो असतो. त्या दिवशी दार लावून घेतलं ते तुझ्यावर चिडून नाही. तू रडत होतीस आणि मला बाहेर येऊन काय बोलावं ते कळत नव्हतं. बस सुटल्याचा आवाज ऐकला तेव्हा बाहेर आलो. ती माझी चूक.

शाळा सोडायची नाही.

वखारवाले दुकानासमोर रस्ता ओलांडून पलीकडून जातात. कमिटीचं काही ठरलेलं नाही. पाळक म्हणतात पुढच्या महिन्याचा पाव माझाच. माप किती वाढवायचं याचा हिशेब मी आणि तुझ्या आईने केला आहे. तेवढं पीठ एकट्याने मळून होत नाही. आदल्या शनिवारी लवकरच्या बसने ये.

बाबा